कप्तानाच्या तिसऱ्या बटणापर्यंत

आधी हातातला चहा खाली ठेवा. मागे हा किस्सा सांगितला तेव्हा एकाच्या नाकातून चहा आला आणि माझ्या पांढऱ्या शर्टाची वाट लागली. ठेवलात? हां. आता ऐका माझा गाढवपणा.

उंची वाढवायला माणसं काय काय करतात! झाडाला लोंबकळतात, चपलेत पुठ्ठे घालतात, टोपी चढवून बसवतात. आणि मी? मी माझी चांगली पाच फूट दहा इंच उंची स्वतःच्या हातानं दोन फुटांनी कमी करून घेतली. तीही ऐन लग्नाच्या वेळी. आणि कशानं? ब्रशानं!

पन्नास सालाच्या जराशी पुढची गोष्ट. मी राहायचो अंबरनाथला आणि सायकलवर उल्हासनगरच्या कॅम्पात जाऊन दुकानांच्या पाट्या रंगवायचो. कॅम्पात तेव्हा रोज एक नवीन दुकान. मिलिटरीच्या जुन्या बराकी, त्यात बारदानाचे आडपडदे लावून मांडलेले संसार, आणि संसाराच्या पुढच्या अंगाला दुकान! सिंध सोडून आलेली माणसं ती, रडत बसायला त्यांना फुरसत नव्हती. सिंधी पाट्या मी नमुना समोर ठेवून उजवीकडून डावीकडे काढायचो. एक अक्षर कळायचं नाही, पण वळण असं की पापड खिलवल्याशिवाय कुणी सोडायचं नाही. त्यामुळे माझी समजूत झाली होती की मी मोठा आर्टिस्ट आहे. ही समजूत लक्षात ठेवा, पुढे तीच नडली.

पाच नंबर कॅम्पात टोपणदासचा फोटो स्टुडिओ होता. त्यानं मला फोटोच्या मागे टांगायचा पडदा रंगवायला सांगितला होता. पडद्यावर विमान. तेव्हा विमानासमोर उभं राहून फोटो काढायची फार हौस लोकांना. लग्नाच्या मुलाचा फोटो पाठवायचा तर मागे विमानच हवं! मुलगा विमानातून कधी उतरला नसेना का, उतरल्यासारखा तर दिसतो.

मी काढलं की विमान. लांबलचक धड बाजूनं दिसणारं, त्याला वर एक पंख, खाली एक पंख, दोन्ही सारखे. विमानाला पंख दोन असतात, मग दोन्ही पूर्ण दिसायला नकोत का? उगाच एक लपवायचा कशाला? चाकं बैलगाडीची असतात तशी. टोपणदास खूश होता.

पण त्याच्या बाकड्यावर दादा परमानंद बसायचे. साठीचे गृहस्थ. कराचीच्या विमानतळावर त्यांनी उभी हयात विमानांचे नट आवळले होते. पडदा टांगल्यावर त्यांनी चष्मा पुसला, चढवला, पुन्हा काढून पुसला.

"टोपण," ते म्हणाले, "ये हवाई जहाज नहीं है. ये पल्ला मछली है."

बाकड्यावरची सगळी माणसं हसली. टोपणदासही हसला. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अरे आर्टिस्ट, तुम बाजू में खडे हो," दादा परमानंद म्हणाले, "तो उधर का पंख तुमको पूरा कैसे दिखता है? तुम्हारी आँख जहाज के ऊपर से घूम के जाती है क्या?"

मी रंगाचे डबे बांधले आणि त्याच रविवारी सायकल बदलापूरला मारली.

बदलापूर गावात दामले मास्तर राहायचे. शाळेत चित्रकला शिकवून पेन्शनीत निघालेले. घर कौलारू, ठेंगणं. दाराची चौकट एवढी खाली की मला प्रत्येक वेळी देवळात शिरल्यासारखं वाकून आत जावं लागायचं. ही चौकटही लक्षात ठेवा बरं का.

"मास्तर, मला विमान काढायला शिकवा," मी म्हटलं.

मास्तरांनी खिशातून काड्यापेटी काढून टेबलावर ठेवली. "ही काढ."

"मास्तर, विमान..."

"विमान म्हणजे काय रे सदा? आधी खोकं. खोकं बरोबर आलं की विमान त्यात बसवायचं. खोकं चुकलं तर विमान पडलं!"

झालं. मी तीन महिने खोकी काढली! काड्यापेटी, ट्रंक, पाटल्यांची डबी, तांदळाचा डबा. लांब गेलेल्या रेषा एकमेकींकडे कशा सरकतात, कुठं जाऊन एका टिंबात मिळतात, लांबची बाजू जवळच्या बाजूपेक्षा कितीनं आखूड होते. मास्तरांच्या माई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, एकदा आतून म्हणाल्याही, "अहो, हा मुलगा आर्टिस्ट होणार की सामान हलवणारा?"

आणि मग एका रविवारी मास्तरांनी मला सगळ्यात मोठा नियम शिकवला. तो शिकवायला त्यांनी हाक मारली, "नलू, जरा अंगणात उभी राहा गं."

नलू म्हणजे मास्तरांची मुलगी. ती आतून आली आणि मी बघतच राहिलो. उंच! सरळसोट उंच, माझ्यापेक्षा फार तर दोन बोटं कमी. तिनं तोपर्यंत तीन वेळा चहा आणून दिला होता, पण मी खोक्यात मान घालून बसलेला. चहाकडे बघितलं, देणारीकडे नाही. गाढव म्हणतात ते उगाच नाही.

"हं सदा, तूही उभा राहा. सरळ समोर बघ. तुझ्या डोळ्याच्या उंचीवर एक आडवी रेष आहे असं समज. नलूचे डोळे कुठं आले?"

"रेषेवर, मास्तर."

"नलू, तुळशीपाशी जा. आता?"

"रेषेवरच."

"विहिरीपाशी जा. आता?"

नलू लहान लहान दिसत गेली, पाय वर सरकले, पण डोळे? तिथंच! माझ्या डोळ्यांच्या रेषेत.

"हा नियम," मास्तर म्हणाले. "तुझ्याएवढा माणूस जवळ असो की कोसभर लांब, त्याचे डोळे तुझ्या डोळ्याच्या रेषेवरच येणार. चित्रात माणूस उभा करायचा तर आधी ही रेष धर. समजलं?"

"समजलं मास्तर. पण विहिरीपासून परत येताना एकदा बघितलं असतं तर आणखी पक्कं झालं असतं."

विहिरीपाशी नलू हसली. मास्तरांना काही कळलं नाही. माईंना सगळं कळलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. घराणं आमच्यातलंच, मास्तर मला ओळखत होते, माईंनी विषय काढला. अडचण एकच. नलूच्या उंचीमुळे तीन ठिकाणं मोडली होती. नवरा ठेंगणा आणि नवरी उंच, लोक हसतील म्हणून. चौथ्या मुलानं तर बसलेला फोटो पाठवला होता आणि प्रत्यक्ष आला तो नलूच्या खांद्याला. तेव्हापासून माईंचे थोरले भाऊ, रोह्याचे मामा, पेटले होते. त्या घरात मामांचा शब्द शेवटचा. त्यांनी हुकूमच काढला होता: मुलाचा उभा फोटो पाठवावा, डोक्यापासून पायापर्यंत, बसलेला चालणार नाही.

मी मनात म्हटलं, सदाशिवा, देवानं तुला ना पैसा दिला, ना डिग्री दिली. उंची तेवढी दिली. आणि ही माणसं तेवढीच मागताहेत! असं भाग्य कुणाचं असतं? मला नलू हवी होती. मनापासून हवी होती. रात्रंदिवस डोळ्यांपुढे ती विहिरीपाशी जायची आणि परत यायची.

मी ठरवलं, फोटो काढायचा तो टोपणदासकडे, माझ्याच नव्या विमानासमोर. म्हणजे एका फोटोत उंचीही दिसेल आणि कलाही. मामा गारच!

टोपणदासनं नवा पडदा शिवून घेतला, बराकीच्या तुळईपासून जमिनीपर्यंत. मी कामाला लागलो. रेषा जिथं मिळतात ती टिंबं पडद्याच्या बाहेर लांब जात होती. एक टिंब गेलं गल्लीतल्या खांबावर आणि दुसरं बारदानापलीकडच्या शेजारणीच्या चुलीवरच्या भिंतीत. मी तिथं खिळा ठोकून सुतळी ताणली. संध्याकाळी बघतो तर तिनं माझ्या सुतळीवर धुणं वाळत घातलेलं! विमानाचा उजवा पंख सलवारीच्या वजनानं चार बोटं खाली आला होता. पुन्हा आखला.

पडदा उंच, शिडी नाही. म्हणून मी मिलिटरीवाल्यांनी टाकून दिलेला डांबराचा ड्रम उलटा करून त्याच्यावर चढलो आणि तिथूनच सगळं आखलं. समोर बघितलं, डोळ्याच्या उंचीवर आडवी रेष मारली, आणि त्या रेषेवरनं खोकं, खोक्यात विमान. लांबचा पंख आखूड, जवळचा पंख अंगावर आल्यासारखा. दार, दाराला लावलेली शिडी, चाकं. काय विमान झालं होतं! तुमच्या गळ्याची शपथ, समोर उभं राहिलं की पंख लागेल म्हणून माणूस मागे सरकायचा.

दादा परमानंद आले. चष्मा पुसला. एकदाच पुसला. मग हळूच म्हणाले, "यही है. बस, अब आवाज आनी बाकी है." आणि त्यांचे डोळे भरून आले. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू! तीन महिन्यांच्या खोक्यांचं सोनं झालं.

मग नाक ओढून ते म्हणाले, "शिडी के पास कप्तान को खडा करो. कराची में कप्तान शिडी के पास खडा रहता था."

कप्तान? अहो, नियम तर पाठ होता! तुझ्याएवढा माणूस कुठंही असो, डोळे रेषेवर. मी कप्तानाचे डोळे रेषेवर ठेवले, पाय जमिनीला टेकवले. टोपी, कोट, छातीवर चकचकीत बटणं, हात सलामाला. शिडीच्या मानानं बरोबर, चाकाच्या मानानं बरोबर, दाराच्या मानानं बरोबर. कुठं बोट ठेवायला जागा नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग चुकलं कुठं? थांबा ना! मला कळायला पंधरा दिवस लागले, तुम्हाला लगेच कशाला कळायला हवं?

रंग ओला होता, म्हणून टोपणदासनं दोन दिवस कुणाला पडद्याजवळ फिरकू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी उद्घाटनाचा फोटो, अर्थातच, माझा. इस्त्रीचा कोट, भांग, छाती पुढे. कप्तानाच्या शेजारी ताठ उभा राहिलो. टोपणदास कॅमेऱ्यामागे काळ्या कापडात शिरला. त्या कापडाखाली म्हणे सगळं उलटं दिसतं, डोकं खाली पाय वर. उलट्या माणसाची उंची कोण बघतो?

"हिलना नहीं आर्टिस्ट! जहाज तो नहीं हिलता, तुम क्यों हिलते हो?"

दुसऱ्या दिवशी फोटो हातात आला. आता खरं सांगतो, मी त्यात फक्त विमान बघितलं. आपल्या पोराचा फोटो हातात आल्यावर शेजारी कोण उभं आहे ते कुणी बघतं का? तो पंख! ती शिडी! म्हटलं, मास्तरांना दाखवायलाही नको. त्यांना एकदम मामांचं होकाराचंच पत्र दाखवू. आणि फोटो लखोट्यात घालून थेट रोह्याला रवाना केला.

इकडे स्टुडिओत ही गर्दी! कॅम्पातली लग्नाची सगळी मुलं कप्तानाच्या शेजारी उभी राहून गेली. फोटो बघून ज्यानं त्यानं आधी विमान बघितलं, मग स्वतःचा भांग. कुणी म्हणालंच की कप्तान जरा मोठा वाटतो, तर दादा परमानंद तयार: "गोरा कप्तान था. ऐसा ही लंबा होता था."

फोटो गेले पुण्याला, अजमेरला, कुठं कुठं. आणि मग उत्तरं यायला लागली.

एके सकाळी मी स्टुडिओत पोचलो तर दारात सात-आठ बायका. मधोमध टोपणदास, चेहरा उतरलेला.

"मेरा किशन!" एक आई फोटो नाचवत ओरडत होती. "जवान लडका है मेरा! पूनावालों ने चिठ्ठी में पूछा है, बच्चा कौन सी क्लास में पढता है!"

"और मेरे को लिखा है," दुसरी म्हणाली, "बडे भाई की फोटो भेजो, छोटे की क्यों भेजी!"

"बडा भाई है ही नहीं!" मागनं तिचा नवरा म्हणाला.

मी अजून रुबाबात. म्हटलं, यांना कला कळत नाही. पण तेवढ्यात दादा परमानंद उठले आणि कप्तानाच्या शेजारी जाऊन उभे राहिले. कप्तानाकडे मान वर करून बघायला लागले. आणि मला पहिल्यांदा दिसलं. चांगले अंगापिंडानं उंच दादा परमानंद कप्तानाच्या छातीला लागत होते. कप्तानानं त्यांना मेळ्यात बोट धरून आणल्यासारखे!

माझी नजर कप्तानाच्या डोळ्यांकडे गेली. मग कोपऱ्यातल्या ड्रमकडे. मग पुन्हा डोळ्यांकडे.

अहो, रेष माझ्या डोळ्याची नव्हतीच! रेष होती ड्रमवर उभ्या असलेल्या माझ्या डोळ्याची. नियमाप्रमाणे कप्तान 'तुझ्याएवढा' झाला होता. म्हणजे मी अधिक ड्रम! आणि त्याच्या मापानं विमान, शिडी, चाकं. सगळं एकमेकांशी अगदी बरोबर. चुकीचा काय तो समोर उभा राहणारा माणूस.

आणि त्याच क्षणी मला आठवलं. बाकीच्यांचे फोटो गेले अजमेरला. माझा? माझा गेला होता रोह्याला!

सायकल अशी हाणली की चेन दोनदा उतरली. बदलापूरला पोचलो तेव्हा काळे हात, घामाघूम. वाकून आत शिरलो. मास्तर आरामखुर्चीत बसलेले, एका हातात माझा फोटो, दुसऱ्या हातात पत्र. मामांनी दोन्ही परत पाठवले होते. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं आणि पत्र मोठ्यानं वाचायला घेतलं.

"चिरंजीव सौभाग्यवती माई हीस आशीर्वाद. मुलाने परभारे पाठवलेला फोटो मिळाला. विमान उत्तम आहे. मुलगाही नाकीडोळी नीटस वाटतो. परंतु शेजारच्या वैमानिकाच्या कोटाच्या तिसऱ्या बटणापर्यंत येतो. लग्न झाल्यावर आपली नलू त्यास कडेवर घेऊन फिरेल असे दिसते. माझी चेष्टा करण्याचे हे वय नव्हे. फोटो परत पाठवीत आहे."

आत भांडं पडल्याचा आवाज झाला. नलू हसत होती की रडत होती, देव जाणे.

"सदा," मास्तर भिंग फोटोवर फिरवत म्हणाले, "डोळ्याची रेष कुठून धरलीस?"

"ड्रमवरून, मास्तर."

"डोळ्याची रेष म्हणजे बघणाऱ्याचा डोळा. बघणारा कुठं उभा राहणार होता?"

"जमिनीवर, मास्तर."

"मग तू ड्रमवर काय करत होतास?"

मी मान खाली घातली. अशी घातली की त्या वेळी फोटो काढला असता तर तिसऱ्या बटणापर्यंतही आलो नसतो. वाटलं, संपलं. आता नलू सहाव्या मुलाला चहा देणार आणि मी जन्मभर पाट्या रंगवणार.

पण मास्तर म्हणजे मास्तर. त्यांच्या शिष्याचं विमान बरोबर होतं, याचा त्यांना मनातून आनंद झाला होता. ते म्हणाले, "ड्रमची उंची सांग." आणि बसले. फोटोवरनं रेषा ओढल्या, टिंबं काढली, ड्रम वजा केला, आणि मोठ्या कागदावर पायरी पायरीनं सिद्ध करून दाखवलं की मुलगा पाच फूट दहा इंच आहे. खाली सही केली आणि कागद रोह्याला पाठवला. काय सुंदर कागद होता तो! मला वाटलं, वाचलो.

चार दिवसांनी मामांचं कार्ड: "मुलाची उंची सिद्ध करण्यास एवढा मोठा कागद लागतो, तेव्हाच संशय येतो. शनिवारी येत आहे. टेप माझ्याजवळ आहे."

शनिवारपर्यंत मी झोपलो नाही. झोपलो तरी ताठ झोपलो. माईंनी निरोप धाडला, "येताना छाती काढून ये." नलूनं त्याच चिठ्ठीच्या मागे पेन्सिलीनं लिहिलं होतं, "वाकू नका. काही झालं तरी वाकू नका." एवढंच. तिचं मला आलेलं पहिलं पत्र ते! मी ते खिशात घालून निघालो. अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत सायकलवरसुद्धा ताठ बसलो होतो. रस्त्यातल्या लोकांना वाटलं असेल, पाठीत उसण भरलीय.

अंगणात पोचलो. उघड्या दारातून आत मामा दिसत होते. पांढऱ्या मिशा, मांडीवर गुंडाळलेला टेप. एकच मंत्र जपत होतो: वाकायचं नाही, वाकायचं नाही. मान उंच, छाती पुढे, नजर सरळ मामांच्या डोळ्यांत. आणि मी पाऊल टाकलं.

धाड्!

सागाची चौकट हो ती! डोळ्यांपुढे काजवे चमकले. कौलावरून धुरळा पडला. मी उंबऱ्यावरच खाली बसलो. सहा महिने दर रविवारी ज्या चौकटीतून मी वाकून आत गेलो होतो, त्याच चौकटीवर त्या दिवशी डोकं आपटलं.

माई धावल्या. मास्तर म्हणाले, "अरे अरे अरे!" नलू पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि पाणी मला द्यायच्या ऐवजी माझ्या डोक्यावरच ओतलं.

मामा शांतपणे उठले. टेप उलगडला. माझ्याकडे आलेच नाहीत. सरळ चौकटीकडे गेले, तिची उंची मोजली, मग माझ्या कपाळावर टेंगूळ कुठं आलंय ते वाकून बघितलं, आणि बोटांवर काहीतरी हिशेब केला.

"माई," मामा म्हणाले, "उंची आहे. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही."

मग नलूकडे वळले. "पण पोरी, रोजच्या दाराचा ज्याला अंदाज नाही, तो आकाशातली विमानं काढतो. बाहेर कुठं जाताना तू पुढे चालत जा."

झालं! जमलं लग्न! तेवढा टेंगळाचा मान मला मिळाला.

पडद्याचं काय झालं म्हणता? मी टोपणदासला म्हटलं, नवीन रंगवून देतो. तो म्हणाला, "हाथ मत लगाना!" का? तर बाहेर पुन्हा बायकांची रांग. या वेळी उंच मुलींच्या आया! ज्यांच्या मुलींची लग्नं उंचीपायी अडली होती त्या सगळ्या, थेट कल्याणपासून, मुलींना घेऊन आलेल्या. कप्तानाच्या शेजारी उभी केली की ताडासारखी मुलगीसुद्धा नाजूक, ठेंगणीठुसकी! मुलांसाठी मात्र टोपणदासनं ड्रमला लाल कापड गुंडाळून ठेवलं. किशनचा फोटो त्याच्यावर उभा करून पुन्हा काढला, आणि पूनावाल्यांनी होकार कळवला. माझ्या एका चुकीवर टोपणदासनं दोन्हीकडून धंदा केला. दादा परमानंद तेवढे रोज दुपारी येऊन विमानासमोर बसायचे. लोकांची उंची कितीही होवो, विमान बरोबर आहे, असं म्हणायचे. तेवढंच माझं समाधान.

आमच्या लग्नाचा फोटोही तिथंच काढला. मी म्हणत होतो दुसरीकडे जाऊ, निदान ड्रमवर उभं राहू. नलू ऐकेना. "ज्याच्यापायी एवढं झालं त्याच्यासमोरच. आणि जमिनीवर उभं राहून," ती म्हणाली. तो फोटो अजून भिंतीवर आहे, हा बघा. मधे कप्तान सलाम ठोकतोय, त्याच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ही. मुंडावळ्या बांधून दोघं त्याच्या तिसऱ्या बटणाला. माझ्या मुंडावळीखाली ते टेंगूळही दिसतं.

परवा शेजारी नवीन राहायला आलेल्या बाई तो फोटो बराच वेळ न्याहाळत होत्या. शेवटी त्यांनी हळूच विचारलं, "वहिनी, तुमचा बालविवाह झाला होता का हो?"

आणि ही, पंचवीस वर्षं माझ्याबरोबर संसार केलेली माझी बायको, पोळी लाटता लाटता मानही वर न करता म्हणाली,

"माझा नाही. यांचा."